ढेकराची वाट

सवा महिना नुकताच सरला होता. पोरगा दूध प्याला का भळकन ओकायचा. पालघरला दवाखान्यात नेला तर सिस्टर बोलली, "पाजल्यावर बर्प करायचं, मगच आडवा ठेवायचा. नायतर दूध छातीत जाईल." मी अशी मान हलवली जशी काय बर्प शिकूनच आलेय. आठवीत शाळा सुटलेली, पण मान हलवायला कुठे दहावी लागते!

बोईसरला खोलीवर येईपर्यंत डोक्यात एकच. छातीत जाईल, छातीत जाईल. आल्या आल्या मोबाईलला विचारलं. तर बर्प म्हणजे ढेकर काढणं. हात्तिच्या! तिथेच थांबायचं ना? नाय. मी खाली वाचत गेले, शब्द आला कुठून. तर म्हणे ढेकराचा जसा आवाज होतो, त्याच्यावरूनच इंग्रजी लोकांनी केलाय. आपलं टकटक, खळखळ असतं ना, तसं.

झालं. पोराला पाजला, खांद्यावर घेतला, थोपटत कान लावून बसले, बर्प कधी बोलतो. तो "अक्" बोलला. हा नाय. मग "घर्र" बोलला. हा पण नाय. ओठ मिटल्याशिवाय ब येणार कसा, म्हणून मी त्याला ओठ मिटून दाखवले! केमिकल कंपनीचा वास येतो म्हणून खिडकी बंद, मी घामाघूम, दम लागलेला, पण आडवा ठेवायची हिंमत नाय.

तेवढ्यात सातपाटीची मासेवाली मावशी दारात. "बाय, बोंबील घेतेस?"

"थांब गो मावशी, याचा ढेकर येत नाय, दूध छातीत गेलं तर?"

पोरगा परत "घर्र".

"आला की!"

"हा नाय गो. इंग्रजीत बर्प असा येतो. मोबाईलमध्ये हाय."

मावशीनं टोपली खाली ठेवली. "अगो, तू दातिवरे गावची, तुझा नवरा कंपनीत हेल्पर, आणि याला ढेकर इंग्लिश मिडियमचा पायजे? ठेव त्याला खाली. थोपटून थोपटून सुका बोंबील करशील पोराचा!"

मी हळूच ठेवला. ओकला नाय. डोळे मिटले. मी नाकाशी बोट धरून बसले, श्वास येतो का बघत.

"येतोय ना?" मावशीनं विचारलं.

मी मान हलवली.

"मग आता तू पण श्वास घे."