पाचोळ्याचे वजन

वत्सलाबाई गेल्याचे मला त्यांच्या मुलाने दूरध्वनीवर सांगितले. सकाळची वेळ होती आणि मी दाढी करत होतो. "सर, आई गेली. काल संध्याकाळी. दोन दिवस छाती दुखून राह्यली होती, पण कोणाले बोलली नाही." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. अर्धी दाढी राहिली होती, ती पूर्ण केली. हातातले काम अर्धे टाकू नये, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. या काळात हा लेख लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. आज पूर्ण करीन.

त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मैत्रीण म्हणावे, तर तसे म्हणण्याची त्यांची रीत नव्हती आणि माझीही नव्हती. मी वाशिमच्या एका महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवत असे. मेडशीच्या पलीकडच्या सागवनात माझा एक लहानसा अभ्यास चालू होता. सागाचे पान जमिनीवर पडल्यापासून त्याची माती होईपर्यंत त्यातला कार्बन आणि नत्र कोठे जातो, एवढाच प्रश्न होता. वाळलेल्या पानाचा जवळजवळ निम्मा भार कार्बनचा असतो. बुरशी आणि सूक्ष्मजीव ते पान खातात, त्यातला बराचसा कार्बन श्वासावाटे हवेत सोडतात आणि थोडा काळ्या मातीत मुरतो. नत्र मात्र दुर्मीळ असते आणि ते सहजासहजी सुटत नाही. हे सारे मोजण्याची पद्धत साधी आहे. जाळीच्या पिशवीत तोललेली पाने भरायची, पिशवी रानात ठेवायची, ठरलेल्या मुदतीने काढायची, आतली पाने वाळवायची आणि पुन्हा तोलायची. पद्धत साधी असली तरी दर पंधरवड्याला, पावसापाण्यात, चिखल तुडवत रानात जाणारा माणूस मिळणे कठीण होते.

वनरक्षकाने एका माणसाचे नाव सुचवले. ठरल्या दिवशी वनखात्याच्या चौकीवर त्या माणसाची बायको आली, त्याच वत्सलाबाई. "तो ऊसतोडीले गेला. दिवाळीच्या आधीच गेला. काम काय हाय ते मले सांगा." मी म्हणालो, काम नेमके आहे, चूक चालणार नाही. त्या म्हणाल्या, "चूक चालते असं काम कोणतं असते, सर?" मी त्यांना डिजिटल काटा दाखवला. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई तासाभरात काटा शून्यावर आणणे, भांड्याचा भार वजा करणे आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबणे शिकली. माझे पदव्युत्तर विद्यार्थी यातली तिसरी गोष्ट अखेरपर्यंत शिकले नाहीत.

गावाने त्यांची थट्टा केली, हे सांगायलाच हवे. "कावं वत्सले, आज किती पानं मेले?" असे नळावर विचारले जाई. त्यांची धाकटी जाऊ शांताबाई यात पुढे असे. "सरकारजवळ मोजाले दुसरं काही उरलंच नाही वाट्टे." त्यावर वत्सलाबाई म्हणत, "तुही जीभ मोजाले काटा पुरत नाही ना, म्हणून पानं मोजून राह्यली."

तिसऱ्या पावसाळ्यात नोंदवहीत मला सहा आकडे दिसले. त्या सहा पिशव्यांचे वजन घटण्याऐवजी वाढलेले होते. मी चौकीच्या ओट्यावर बसलो होतो. वनरक्षक होता, शांताबाई होत्या आणि मोळ्या टेकवून दम खात बसलेल्या दोन बाया होत्या. मी त्या सर्वांसमोर लाल शाईने सहाही आकडे खोडले आणि विचारले, "वत्सलाबाई, हे काय लिहिलंत?"

"काट्यावर आलं ते."

"पान कुजताना हलकं होतं. जड होत नाही."

"पुस्तकात नसन होत. पिशवीत होऊन राह्यलं."

"तुम्ही घरी बसून आकडे लिहिलेत."

त्यांनी काटा पुसला, डब्यात ठेवला, नोंदवही त्यावर ठेवली आणि वहीवर पेन्सिल आडवी ठेवली. "मोजून घ्या, सर. काही कमी असन तर सांगा," एवढे बोलून त्या ओट्यावरून उतरल्या. पुढच्या महिन्यापासून मी एका पदवीधर मुलाला नेमले. त्याचे अक्षर सुंदर होते. त्याचे आकडे पंधरवड्यागणिक रेखीव उतरत गेले. आलेख माझ्या क्रमिक पुस्तकातल्या आलेखासारखा आला आणि मी समाधानी झालो. इकडे गावात वत्सलाबाईंचे नाव "खोट्या आकड्याची बाई" असे पडले होते. हे मला पुष्कळ उशिरा कळले.

दिवाळीनंतर एके दुपारी त्या महाविद्यालयात आल्या. मेडशीहून एसटीने एकट्या आल्या होत्या. काखेत फडक्यात बांधलेले काहीतरी होते. मी दोन सहकाऱ्यांशी बोलत होतो. वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. "सर, काटा मांडा," एवढेच म्हणाल्या. फडक्यातून त्यांनी जाळीची पिशवी काढली. जुन्या मच्छरदाणीची, हाताने शिवलेली. त्यांनी ती माझ्याच प्रयोगक्षेत्राच्या कडेला, माझ्या पिशव्यांना लागून ठेवली होती. पाने भरल्यावर ती गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतली होती आणि दुकानदाराकडून चिठ्ठीवर तो आकडा लिहून आणला होता. पिशवी त्यांनी उन्हात वाळवूनच आणली होती; मी ती तोलली. ती चिठ्ठीतल्या आकड्यापेक्षा जड भरली. "आता फाडा," त्या म्हणाल्या.

मी पिशवी उसवली. आत पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक होत्या आणि त्यांवर मातीचा पातळ लेप चढलेला होता. वाळवीने तोंडाने आणलेल्या ओल्या मातीचा गिलावा होता तो. वाळवी उजेडात खात नाही, ती आधी मातीचे छप्पर करते आणि त्याखाली बसून पान खाते. वत्सलाबाईंनी बोटाने एक पापुद्रा सोलला. "पान हलकंच झालं, सर. तुमी बोलले ते खरं. माती चढली म्हणून पिशवी जड झाली. मी लिहिलं तेही खरं." माझ्या सहकाऱ्यांपैकी एकजण हसला. तो मला हसला होता, आणि योग्यच हसला होता.

उपाय मला ठाऊक होता आणि तो सामान्य होता. भट्टीत नमुना जाळला की सेंद्रिय भाग जातो आणि माती उरते. ती वजा केली की पानाचा खरा भार मिळतो. हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. स्वतःच्या अभ्यासात मात्र करायला विसरलो, कारण मी पिशव्या स्वतः उघडत नव्हतो. त्या आठवड्यात मी रानात गेलो. पदवीधर मुलाने ज्या पिशव्या काढल्याचे लिहिले होते, त्या सगळ्या जागच्या जागी होत्या आणि त्यांवर गवत उगवले होते. त्या मुलाने उरलेला पावसाळाभर रानात पाऊलही टाकले नव्हते. त्याने माझेच पुस्तक उतरवून मला परत दिले होते आणि मी ते आनंदाने घेतले होते. वत्सलाबाईंच्या मातकट पिशव्यांतून पुढे आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या पावसाळ्यात कुजणाऱ्या पानातले नत्र घटत नाही, वाढते. बुरशी ते आजूबाजूच्या मातीतून ओढून पानात आणते, आणि झाडाच्या मुळांना ते पुष्कळ नंतर मिळते. जगाला हे आधीच माहीत होते. आमच्या रानात ते मोजले गेले, ते त्या बाईमुळे.

प्रयोगशाळेतल्या त्या दुपारी मी त्यांना म्हणालो, उद्यापासून काम पुन्हा सुरू करा. त्या उभ्याच होत्या. "काम करीन. पण तुमी चौघांसमोर खोडलं, सर. चौघांसमोर सांगा. गावात येऊन." मी म्हणालो, नोंदवहीत दुरुस्ती करतो, खाली स्वाक्षरी करतो. "नोंदवही तुमच्या कपाटात राह्यते, सर. माहं घर गावात हाय."

मी दुरुस्ती केली. गावात जाऊन बोललो नाही. कारण सांगत नाही, ते चांगले नव्हते. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि काम एक दिवसही चुकवले नाही.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहिता येईल, एकच लिहितो. त्या भागात मोहफुले वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे खाली पडलेली फुले स्वच्छ जमिनीवर दिसतात. पाचोळा जळाला की कार्बनबरोबर त्यातले बहुतेक नत्रही धुरातून निघून जाते. हे मी त्यांना एकदा, चालता चालता सांगितले होते. पुढच्या हंगामात त्या खराटा घेऊन मोहाखाली उभ्या राहिल्या. "झाडून घ्या ना, बायहो. जाळता कायले?" एकीने विचारले, "तुह्या बापाचं जंगल हाय का?" "बापाचं नाही. पण पेटवशीन तर माह्या पिशव्या जळतीन, अन् मंग मी तुह्या घरी जेवाले येईन, रोज." बाया हसल्या. त्या वर्षी दोन झाडांखाली खराटा फिरला. पुढे अशा झाडांची संख्या वाढत गेली. आजही त्या पट्ट्यातल्या कित्येक मोहांखाली पाचोळा झाडून बाजूला लोटलेला दिसतो. मी अनेक परिषदांत बोललो आहे. माझ्या बोलण्याने एकही काडी पेटायची थांबली नाही.

माझ्या निवृत्तीबरोबर अभ्यास संपला. निदान मी तसे समजत होतो.

तेरवीला मी गेलो. पंगत उठली होती आणि माणसे अंगणात बसली होती. मी उभा राहिलो. तीन वाक्ये बोललो. वत्सलाबाईंनी लिहिलेले सहाही आकडे खरे होते. ते मी चौघांसमोर खोटे ठरवले. चूक माझी होती. शांताबाई ताटे उचलत होत्या, त्या थांबल्या. "हे तिच्या कानावर पडाले पाह्यजे होतं, सर."

"हो," मी म्हणालो.

त्या ताटे घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात जाळीची एक पिशवी, एक शाळकरी वही आणि माझा जुना काटा होता. निवृत्त होताना तो मी चौकीवर सोडून आलो होतो. वत्सलाबाईंनी पिशव्या ठेवणे थांबवलेच नव्हते, आणि अलीकडे शांताबाई त्यांच्याबरोबर रानात जात. "ही पिशवी काढून उन्हात वाळवून ठेवली होती तिनं. तोलाची राह्यली. पाहून घ्या."

मी ओसरीवर बसलो आणि काटा शून्यावर आणला. पिशवी ठेवली. आकडा हलत राहिला, मी थांबलो. तो स्थिर झाला. वहीत वत्सलाबाईंच्या अक्षरात लिहिलेल्या सुरुवातीच्या वजनापेक्षा तो मोठा होता. अंगणातली माणसे जवळ येऊन उभी राहिली होती. शांताबाईंनी वहीतली पेन्सिल काढली.

"काय लिहू?"

मी आकडा मोठ्याने वाचला. नमुना जाळून माती वजा करायची आहे, हेही शेजारी लिहायला सांगितले. त्यांनी दोन्ही लिहून घेतले, वही माझ्याकडे फिरवली आणि ओळीच्या शेवटी बोट ठेवले.

"इथं सही करा, सर. सगळ्याइसमोर."

मी सही केली.