तात्यांची पेंडिंग पत्रं

“मशीन बघा मॅडम. लेकीचं पत्र येईना झालंय चार महिने.” मी चपला काढायच्या आतच माकणीच्या तात्यांनी तक्रार सांगितली.

तात्या धरणावर गेट ऑपरेटर होते, आता रिटायर. कान पार गेलेत, त्यामुळं फोनचा उपयोग नाही. ते बोलतात, आपण उत्तर कीबोर्डवर टाइप करायचं. लेक नॉर्वेत. दर रविवारी ईमेलनं लांबलचक पत्र लिहायची. आता शेजाऱ्यांच्या फोनवर ‘बरी आहे’ एवढाच निरोप येत होता.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. तात्यांचा सेटअप माझाच. काळ्या स्क्रीनवर मोठी पांढरी अक्षरं, माउस नाही, असा टेक्स्ट रीडर. त्यावर ते जुन्या रेडिओंचे न्यूजग्रुप वाचतात. न्यूजग्रुप म्हणजे जगभरची चावडी, कुणीही बोलावं, कुणीही ऐकावं. चार महिन्यांपूर्वी मी जास्तीचं शहाणपण केलं. सोय म्हणून त्यांची मेलही त्याच यादीत आणून बसवली.

चार महिने, हा हिशोब डोक्यात शिरायला चहा संपावा लागला.

‘तिला विचारलं का?’ मी टाइप केलं.

“लिही म्हणून कसं सांगायचं? तिचा संसार हाय.” मग हळूच म्हणाले, “रविवारी मातर म्या दिवसभर हितंच बसून ऱ्हातो.”

रोज काय करता ते करून दाखवा, असं टाइप केलं. त्यांनी रेडिओचे दोन ग्रुप वाचले आणि एक बटण दाबलं. सगळी यादी ‘वाचून झाली’ म्हणून साफ. बाकीच्या चाळीस ग्रुपांकडं त्यांनी पाहिलंही नाही. मेलची ओळ त्यांच्याही खाली, स्क्रीनच्या बाहेर होती.

‘हे का दाबता?’

“ड्यूटी सोडताना वहीत काही पेंडिंग ठिवायचं न्हाय. पुढच्याला तरास.”

वाचलेलं लपवायचं आणि आठवड्यानं टाकून द्यायचं, हा नियम मीच लावला होता. चावडीच्या गप्पांना तो ठीक. मेलला त्यातून वगळायचं मी विसरले. रीडर पत्रं आणत होता, तात्या न बघता निकालात काढत होते, आणि आठवड्यानं ती कायमची जात होती. सर्व्हरवरही प्रत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लपवलेलं उघडलं. गेल्या रविवारचं एकच पत्र उरलं होतं.

‘तात्या, रागावलात का? एकाही पत्राला उत्तर नाही. तरी मी लिहिणार. रविवार आला की राहवत नाही.’

तात्यांनी ते तीनदा वाचलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

मग दुरुस्ती. मेलवरचा तो नियम काढला. मेलची ओळ सगळ्यात वर आणली आणि तिला ‘१’ हा क्रमांक दिला, न्यूजग्रुपना ‘३’. आता कीबोर्डवर ‘१’ आणि मग ‘जी’ हे अक्षर दाबलं की फक्त मेल येते, चावडी तिकडंच राहते. साफ करायचं बटणही मेलपुरतं बंद केलं. दहा मिनिटांचं काम. ते चार महिन्यांपूर्वी करायला हवं होतं.

‘आधीची पत्रं तिच्याकडं असतील,’ मी टाइप केलं. ‘पण मागावी लागतील.’

तात्यांनी कीबोर्ड ओढून एका बोटानं लेकीला लिहिलं, ‘बाई, म्या रागावलो न्हाय. वाट बघत होतो. गेलेली सगळी पत्रं परत पाठव.’

सगळी आली. सोयीसाठी दोन गोष्टी एकत्र करण्याआधी माणूस रोज कोणतं बटण दाबतो ते बघावं, एवढं मी या वयात शिकले.

परवा गेले तेव्हा मेलच्या ओळीपुढं न वाचलेलं एक पत्र दिसत होतं. पुन्हा काही बिघडलं की काय, म्हणून मी घाबरले.

“वाचलंय,” तात्या म्हणाले. “म्याच परत न वाचलेलं करून ठिवतो. एक पेंडिंग असू द्या.”