एकदा मी, दोनदा वनिता

मोहाडीहून फोन आला तेव्हा माझी सकाळची पूजा आटोपत आली होती. हातातले निर्माल्य तसेच ताम्हनात ठेवून मी फोन घेतला. पलीकडे माझी विद्यार्थिनी वनिता हिचे वडील होते. ते विणकर, फोनवर आधी त्यांच्या मागाची खटखट ऐकू यायची आणि मग त्यांचा आवाज. त्या दिवशी माग बंद होता. "गुरुजी, वनिता गेली..." एवढेच आधी बोलले. मग अगदी हळू म्हणाले, "एकच पेपर राह्यला होता नं तिचा?" मी 'हो' म्हणालो. या गोष्टीला आता काही आठवडे लोटले आहेत. शोक निवला की लिहावे, असे मनाशी ठरवले होते. तो निवत नाही, म्हणून तसाच लिहायला बसलो आहे.

भंडाऱ्यातले आमचे महाविद्यालय फार जुने. दगडी कमानी, पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेला लाकडी जिना, आणि बाकांवर चाकूने कोरलेली, आता आजोबा झालेल्या विद्यार्थ्यांची नावे. एके काळी तिरोडा-गोंदियाकडची मुलेही येथेच शिकायला येत. जिल्हा दुभंगून गोंदिया वेगळा झाला, तशी ती आपापल्या वाटेने गेली, आणि वरच्या मजल्यावरचा माझा संस्कृताचा वर्ग ओसरत गेला. वनिता बी.ए.ला आली तेव्हा त्या वर्गात दोनच मुली होत्या. एक ही, रोज मोहाडीहून एस.टी.ने येणारी, हाडापेराने बारीक, डोळ्यांत किंचित पिवळी झाक असलेली. दुसरी अड्याळची रजनी, वसतिगृहात राहणारी, तोंडाची फटकळ आणि मनाची निर्मळ. संस्कृत काहून घेतले, असे रजनीने पहिल्याच दिवशी विचारले, तेव्हा वनिता म्हणाली होती, "आमच्या घरी दिवसभर माग वाजते. मले दुसरं काईतरी तालात आयकाचं होतं." हे उत्तर ऐकून मी खडू खाली ठेवला होता, एवढे आठवते.

मी जुन्या वळणाचा माणूस. पाठशाळेत मला जसे मिळाले तसेच पुढे द्यावे, या भावनेने मी श्लोक संथेने शिकवीत असे. संथेची रीत अशी, की गुरूने चरण एकदा म्हणावा आणि शिष्याने तो दोनदा म्हणावा. गुरूच्या स्वरासकट, त्याच्या थांब्यासकट. स्वतःचे काही घालू नये, गुरूचे काही गाळू नये. एका स्तोत्रात लांबलचक सामासिक पदानंतर माझा श्वास संपतो, आणि तिसऱ्या चरणाच्या आरंभी मी सवयीने घसा खाकरतो. वनिताने ते खाकरणेही दोनदा म्हटले! मी चमकून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. रजनीने मात्र ओढणीआड हसू दाबीत विचारले, "खोकल्याचेबी मार्क भेटतेत का वं?"

पुढे स्नेहसंमेलनातल्या पाठांतर स्पर्धेत तिने तेच स्तोत्र म्हटले. सभागृह भरलेले, मागच्या रांगांतून मुलांच्या शिट्ट्या चाललेल्या. तिचा पहिला शब्द उमटला आणि त्या शिट्ट्या हळूहळू विझल्या. तिसऱ्या चरणाशी येताच ही थांबली, नीट खाकरली, आणि पुढे निघाली. सगळे सभागृह हशाने फुटले. परीक्षकांना वाटले, पोरीचा घसा बसला. त्यांनी गुण कापले आणि बक्षीस दुसरीला गेले. संध्याकाळी कँटीनमध्ये माझ्यासमोरच आलुबोंडे खाताना रजनी तिच्यावर संतापली होती. "तेवढं गाळलं असतं तं काय झालं असतं? पागल हायेस काय तू?" वनिता शांतपणे म्हणाली, "सरांनी दिलं तसं म्हटलं. मी कोण गाळणारी?" माझ्या साऱ्या अध्यापनकाळात माझ्या विद्येला इतका मान कोणी दिला नव्हता; आणि तो माझ्या खोकल्याच्या वाट्याला आला होता.

तिच्या डोळ्यांतली ती पिवळी झाक म्हणजे सिकलसेल. आमच्या भागात हे नाव सांगितले की फारसे समजवावे लागत नाही. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, वाहता वाहता अडकतात, आणि मग हाडांतून अशी कळ उठते की धडधाकट माणूसही जमिनीवर लोळेल. फार उष्मा झाला की ती उठते, फार गारठा पडला की उठते. आणि विद्यापीठाच्या परीक्षा दोनच, उन्हाळी आणि हिवाळी! जणू त्या वेळापत्रकाने आणि त्या व्याधीने आपसांत ठरवूनच घेतले होते. पहिली दोन वर्षे तिने कशीबशी निभावली. शेवटच्या वर्षी इतर विषय सुटले, पण संस्कृताचा पेपर सर्वांत शेवटी येई, आणि तोवर तिचे शरीर हार मानून बसे. एकदा तर ती परीक्षेला बसलीही. पण अर्ध्यातच तिला बाकासकट उचलून सावलीत न्यावे लागले. मी धावत गेलो, तेव्हा ओठ आवळून म्हणाली, "पयला प्रश्न पूर्ण लिवला, सर."

रजनी उत्तीर्ण होऊन नागपूरला नोकरीला लागली. मी निवृत्त झालो. माझ्या जागी कोणी आले नाही. प्राचार्यांची परवानगी घेऊन मी त्याच खोलीत जाऊन बसत असे, आणि अंगात बळ असेल त्या दिवशी वनिता येत असे. खाली नव्या मुलांचा गलबला चालू असे. वर आम्ही दोघे आणि रिकामे बाक. "मी तं कायमची विद्यार्थिनी होऊन राहिली, सर," असे ती हसून म्हणे. तिचे वडील एकदा मला भेटायला आले होते. जिन्याशीच थांबले, वर येईनात. म्हणाले, "गुरुजी, शरीर साथ नाई देत तिचं. कायले एवढं शिकवता?" मी सांगितले, की तिला बी.ए. व्हायचे आहे. त्यांनी मान हलवली. "तिले व्हायचं हाय, हे मलेबी मालूम हाय. होईन काय, ते सांगा." त्या दिवशी मी त्यांना धीर दिला. कशाच्या आधारावर दिला, ते आज सांगता येणार नाही.

शेवटची भेट जिल्हा रुग्णालयात, दुपारची. थंडी ओसरत आली होती, आणि येत्या उन्हाळी परीक्षेला बसायचेच असे आमचे ठरलेले होते. पण त्या दिवशी तिच्या नाकाला नळी होती, आणि छातीचा भाता वेगाने हलत होता. मी प्रसादाचा अंगारा तिच्या कपाळी लावला. आता बोलू नकोस, असे म्हणणार तोच ती म्हणाली, "संथा द्या नं, सर. बाकी काई नोको." मी तेच स्तोत्र धरले. पहिला चरण एकदा म्हटला. तिने डोळे मिटून दोनदा म्हटला. दुसरा चरणही तसाच. तिसऱ्याच्या आरंभी माझा घसा आपोआप खाकरला... तिने तो चरण एकदा म्हटला, खोकल्यासकट. आणि दुसऱ्यांदा सुरुवात करताच तिला खरा खोकला आला. तो थांबेना. परिचारिका धावत आली, मला बाजूला व्हावे लागले. पडद्याजवळ मी उभा होतो, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि तुटक शब्दांत म्हणाली, "दुसऱ्यांदाचं... बाकी राह्यलं, सर." तिसऱ्या दिवशी फोन आला.

ईश्वराच्या योजनेत अर्थ असतो, असे मी जन्मभर शिकवले, आणि ज्यांच्या घरी दुःख झाले त्यांना जाऊन सांगितले. मोहाडीला गेलो तेव्हा मात्र वनिताच्या वडिलांसमोर ते वाक्य तोंडातून निघाले नाही. ते मागापाशी बसले होते. अर्धवट विणलेले वस्त्र तसेच ताणलेले होते. महाविद्यालयातली ती वरची खोली आता मोडक्या बाकांनी भरली आहे आणि दाराला कुलूप आहे. पटावर संस्कृताचे नाव सांगणारे कोणीच उरले नाही.

आमच्या घरात सौभाग्यवतींची तक्रार असते, की हल्ली पूजेला फार वेळ लागतो, नैवेद्य थंड होतो. त्यांना कारण सांगितलेले नाही. मी देवापुढे ते स्तोत्र म्हणतो. चरण एकदा म्हणतो, आणि दोनदा म्हणण्याइतका थांबतो. इतक्या वर्षांची जिभेची सवय, ती आता मोडत नाही. तिसऱ्या चरणाशी घसा खाकरतो, चरण म्हणतो, थांबतो. तिने पहिल्यांदा म्हटलेले त्या वेळी कानांत स्पष्ट उमटते, अगदी खोकल्यासकट. दुसऱ्यांदाची जागा येते... समई जळत असते, आणि मी वाट पाहतो.