बैठकीतली गिरणी

गिरणीवाल्या काकींना हळू बोलता येत नसे. दिवसभर पिठाच्या गिरणीशेजारी उभं राहून त्यांचा आवाज तिच्या घरघरीच्या वरच्या पट्टीत जाऊन बसला होता आणि गिरणी बंद झाली तरी तो खाली उतरत नसे. सेनगावकडच्या गोरेगावच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि खोली बघायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "या बाई, बसा, पानी घ्या." मला वाटलं, चपला चुकीच्या जागी काढल्या म्हणून रागावल्या. पुढची चार वर्षं मी त्यांच्याच घरातल्या गल्लीकडच्या खोलीत भाड्याने राहिले.

गिरणी होती घराच्या बैठकीत. जीपच्या अपघातात काकांची कंबर कायमची दुखावली, शेतातली जड कामं सुटली, तेव्हा काकींनी बचत गटाच्या मदतीने ती घेतली. दुसरी जागा नव्हती, म्हणून दिवाण आणि टीव्ही यांच्या मधे बसवली. त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा हलका थर असे. टीव्हीतली माणसं धुक्यातून बातम्या सांगत. काकींच्या भुवया पिकलेल्या आहेत असंच मी धरून चालले होते. एका सणाला त्या न्हाऊन आल्या तेव्हा कळलं, चांगल्या काळ्याभोर आहेत.

घरातच धंदा म्हटल्यावर लोकांना वेळ-काळ राहत नाही. काकी जेवायला बसल्या की कुणीतरी डबा घेऊन हजर. "तुमचं चालू द्या, मी बसते," म्हणून ती बाई ताटासमोरच बसे. मग कसलं जेवण? काकी घास चावतच उठत. एकदा एका भाकरीसाठी त्या सहा वेळा उठल्या. मी म्हटलं, "काकी, पाच मिनिटं थांबायला सांगा ना."

"कसं सांगू बाई? दुकान असतं तर म्हनले असते, जेवाया घरी चालले. आता घरातून उठून कुठं जाऊ?"

त्यांची एकुलती एक लेक रेखा. तिला बघायला पाहुणे यायचे होते. काकींनी पहाटेपासून बैठक पुसून काढली, गिरणीवर नवी चादर घातली आणि चादरीवर फुलदाणी ठेवली. गावचा ट्रान्सफॉर्मर जळाल्याने दोन दिवस लाईट नव्हती, त्यामुळे गिरणी बंद ठेवायला आयतं निमित्तही होतं. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा गेल्या आणि डोक्यावरचा पंखा गरगरू लागला.

पाचच मिनिटांत अंगणात बायकांची रांग लागली. काकी दारात जाऊन म्हणाल्या, "आज न्हाई, पाहुने आलेत." हे साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. कुणी कुरकुरलं नाही. फक्त एक बाई म्हणाली, "दोन दिस लेकरं नुसत्या भातावर हायत. लाईट परत गेली तर?"

काकींनी रांगेतल्या डब्यांकडे पाहिलं. मग वळल्या.

"पाहुनं, पंधरा मिनिटं आवाज सोसा. लोकांच्या घरात पीठ न्हाई."

त्यांनी फुलदाणी काकांच्या हातात दिली, चादर ओढली आणि बटण दाबलं.

पंधरा मिनिटांचा तास झाला. रेखाने नव्या साडीचा पदर खोचला आणि ती डबे पुढे सरकवू लागली. मुलाच्या आईच्या पोह्यांवर पीठ उतरलं. मुलाचे वडील काकांना काहीतरी विचारत होते आणि काका फुलदाणी धरून होकारार्थी मान हलवत होते. त्यांनी कशाकशाला होकार दिला हे अजून कुणाला कळलेलं नाही. चार दिवसांनी निरोप आला, "आमाला घर पाहिजे, कारखाना न्हाई."

काकींनी गिरणी बंद केली. "माझ्या पोरीचं मीच वाटोळं करून राहिले," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. हे वाक्य मला माझ्या खोलीत ऐकू आलंच नाही. रेखाने सांगितलं, तेव्हा मला काळजी वाटली. तीन दिवस डबे आले तसे परत गेले.

चौथ्या दिवशी रेखानेच गिरणी सुरू केली. मशीन किंचाळलं. काकी तरातरा बाहेर आल्या.

"अगं पट्टा ढिला हाय, ऐकू येत न्हाई का?"

रेखा बाजूला झाली नाही. "मग कसा आवळायचा ते दाखव."

दोघींनी मिळून पट्टा आवळला आणि संध्याकाळपर्यंत दळण चालू राहिलं.

पण गिरणी आता बैठकीत ठेवायची नाही, हे काकींनी ठरवलं. त्यानंतर त्या माझ्याशी विचित्र वागू लागल्या. रोज काहीतरी घेऊन येत, कधी थालीपीठ, कधी जवसाची चटणी. कॉटच्या कडेला बसत, भिंतींकडे बघत आणि काही न बोलता उठून जात. आठवडाभर हे चाललं. घरात गल्लीकडे स्वतंत्र दार असलेली खोली एकच होती, माझी. शेवटी मीच विचारलं, "काकी, गिरणी इथं आणायची आहे का?"

त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "चार वर्सं लेकीसारख्या राहिल्या तुमी. कोन्या तोंडानं उठा म्हनू?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एक दिवस मी नीट बोललेही नाही. मग सेनगावला खोली शोधली आणि तिथून रोज जीपने शाळेत यायचं ठरवलं. (पुढच्या वर्षी बाळापूरहून पाहुणे आले. मोकळ्या बैठकीत निवांत पोहे खाल्ले, मग स्वतःहून उठून गिरणी बघायला गेले. रेखा आता तिकडेच असते.)

सामान जीपमध्ये चढलं तेव्हा काकी रिकाम्या खोलीत मधोमध उभ्या होत्या. "दाराशी ठेवते गिरनी. उजेड हाय."

"दाराशी नको, खिडकीपाशी ठेवा," मी म्हटलं. "दुपारी वारा दारातून येतो आणि खिडकीतून जातो. पीठ बाहेर निघून जाईल."

वह्या तपासताना माझे कागद नेहमी त्याच खिडकीतून उडून जायचे. काकींनी हात पुढे केला. मी पर्समधला खडू दिला. त्यांनी खिडकीखाली फरशीवर एक मोठा चौकोन आखला आणि विचारलं, "बराबर हाय?"

"बरोबर आहे."

बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. काकी त्या चौकोनाला वळसा घालून दाराकडे निघाल्या, जणू गिरणी तिथे येऊन बसलीच आहे. त्यांच्या मागून मीही वळसा घातला.