फ्लेक्सवरची दीपा

केळापूरच्या वस्तीत शिरताना वळणावरच्या खांबाला एक फ्लेक्स बांधलेला होता. 'आमच्या वस्तीची शान, कु. दीपा भीमराज नगराळे यांची नागपूर येथे कॉम्प्युटर इंजिनियर पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' दीपाचा कॉलेजातला काळ्या कोटातला फोटो, आणि खाली शुभेच्छुकांचे इतके फोटो की अभिनंदन नेमकं कुणाचं ते दोनदा वाचल्याशिवाय कळू नये. दीपा इंजिनियर नव्हती, बीसीए होती. पण ती चूक किरकोळ म्हणायची, कारण तिची निवडच झालेली नव्हती.

आता असं कसं झालं, तर सरळ झालं. पांढरकवड्याच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दीपा शिकवायची, तो बंद पडला आणि ती घरी बसली. पुण्यात नोकरीला असलेल्या रोशननं, म्हणजे तिच्या मावसभावानं, तिला नागपूरच्या एका कंपनीची परीक्षा सांगितली. घरबसल्या द्यायची. प्रोग्रामिंगचे तीन प्रश्न, दोन सोडवले की नोकरी. एका उमेदवाराला तीन संधी, त्यापुढे दार बंद. पहिल्या खेपेला दीपाला एकही प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या खेपेला तिनं परीक्षा संपल्या संपल्या मायला फोन केला, "दोन सुटले माय!"

तुळसाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. आयुष्यभर तिनं कुठल्या गोष्टीची घाई केली नव्हती, त्या दिवशी मात्र केली. खिचडीचं पातेलं उतरवलं आणि थेट पेढे आणायला गेली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीचं तोंड गोड झालं होतं, आणि विहार समितीचे सचिव भगवानराव यांनी दीपाचा फोटो छापायलाही पाठवला होता. तेव्हा कुठे निकाल आला. दीपाला जो प्रश्न सुटला असं वाटत होतं, तो सुटला नव्हता. एकच बरोबर.

ती सांगणार होती. खरंच सांगणार होती. पण माय दारात उभी राहून शेजारच्या सुखीबाईला म्हणत होती, "हिचे बाबा असते तं आज नाचले असते," आणि तेवढ्या वेळात दीपाचं सांगायचं राहिलं ते राहिलंच. उद्या सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला.

चुकलेला प्रश्न नळाचा होता. नळावर माणसं उभी आहेत, प्रत्येकाची भांडी भरायला किती वेळ लागतो ते आकडे दिलेत. सगळ्यांचा मिळून थांबण्याचा वेळ कमीत कमी किती? दीपानं आकडे जसे दिले होते तसेच ओळीनं घेतले आणि बेरीज केली. नमुन्याचं उदाहरण जुळलं, कारण नमुन्यात आकडे नेमके लहानापासून मोठ्यापर्यंत होते. पुढे कंपनी लपवून ठेवलेले आकडे घालून ज्या गुप्त तपासण्या करते, त्यांत सगळं कोसळलं.

"अगं, सॉर्ट नाही केलं काहून?" रोशन फोनवर ओरडला. "ज्याचं काम लहान, त्याले पुढं घ्याचं. ग्रीडीचं पहिलंच गणित हाय हे."

"असं कसं? जो आधी आला त्याचा नंबर आधी. मधात दुसऱ्याची पाण्याची गुंडी कशी सरकवू?"

"गुंडी कुठून आली त्याच्यात? आकडे हायेत ते, दीपे!"

रोशनला ते नाही कळायचं, तो लहानपणापासून पुण्यात. उन्हाळ्यात वस्तीला टँकर यायचा तेव्हा गुंड्या ओळीनं मांडून ठेवायची पद्धत होती. आणि मुख्य गावातले लोक उशिरा येऊन, वस्तीच्या गुंड्या पायानं मागे सारून, आपल्या पुढे मांडायचे. दीपाचा बाप भीमराज एक अख्खा उन्हाळा त्या ओळीशेजारी उन्हात बसला. भांडला नाही, हात उगारला नाही. कुणी गुंडी सरकवली की उठायचा, परत जागेवर ठेवायचा आणि बसायचा. शेवटी लोक कंटाळले आणि ओळ ओळीसारखी राहू लागली. ज्या घरात हे घडलं त्या घरच्या पोरीला तुम्ही म्हणता, रांग मोड आणि नव्यानं लाव! प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की माणसं कुठल्याही क्रमानं उभी करता येतील. तिनं ते वाचलंही होतं. पण वाचलेलं आणि मनानं घेतलेलं यात फरक असतो.

तर ग्रीडी म्हणजे अधाशी पद्धत. पुढचं पाहायचं नाही, मागचं आठवायचं नाही, या घडीला जे सगळ्यात सोयीचं ते उचलायचं. काही प्रश्नांत अशानंच नेमकं उत्तर मिळतं आणि काहींत पुरती वाट लागते. कुठल्या प्रश्नाला चालेल हे ओळखणं, एवढंच तर शिकायचं असतं. दीपा हे दिवसभर स्क्रीनवर शिकत होती आणि घरात त्याच पद्धतीनं जगत होती. सुखीबाईनं विचारलं, जॉइनिंग कधी, तर "पुढच्या महिन्यात". भगवानरावांनी विचारलं तर "कंपनीनं तारीख पुढं ढकलली काका". मायनं नवी बॅग आणली तर "बरी आहे". प्रत्येक वेळी त्या घडीला सगळ्यात सोपं तेच तिनं उचललं आणि तो दिवस निभावला. बेरीज मात्र दिवसेंदिवस तिच्या छातीवर बसत चालली.

सगळ्यात वाईट रविवार. विहारात वंदनेला बसायचं, आणि पंचशीलात चौथं शील आलं की "मुसावादा वेरमणी" म्हणायचं. मी खोटं बोलणार नाही. शेजारी माय खणखणीत आवाजात म्हणायची. दीपा त्या ओळीला नुसते ओठ हलवायची. मी कुठं खोटं बोलले, मी तर काहीच बोलले नाही, असं ती स्वतःला समजवायची, आणि ते तिलाच पटायचं नाही.

एकच मार्ग होता. तिसरी परीक्षा पास व्हायची. म्हणजे फ्लेक्स खरा होईल, पेढे खरे होतील, काही सांगावंच लागणार नाही. ती वेड्यासारखी मागे लागली. पहाटे उठून अ‍ॅरेचे, म्हणजे आकड्यांच्या ओळींचे, प्रश्न सोडवायची: सगळ्यात मोठा आकडा शोध, दोन आकड्यांची जोडी लाव, होड्यांत माणसं बसव. जेवण जाईना. माय म्हणायची, "नोकरी लागली तं पोट्टीचं अन्न सुटलं बाप्पा!" आणि हसायची. कधी कधी दीपाला वाटे, उठावं आणि नागपूरला निघून जावं, एखाद्या दुकानात लागावं आणि घरी सांगावं की कंपनीत आहे. या विचाराची तिला भीतीही वाटायची आणि त्यातच थोडी झोपही लागायची.

परीक्षेच्या दिवशी ती पांढरकवड्याला ओळखीच्या एका सरांच्या क्लासमध्ये बसली, कारण वस्तीत नेटचा भरवसा नाही. पहिला प्रश्न चटकन सुटला. तिसरा वाचूनच कळलं, तो आपल्या हातचा नाही. म्हणजे सगळं दुसऱ्यावर आलं.

दुसऱ्यात एका धान्याचे रोजचे भाव दिले होते. एका दिवशी घ्यायचं, पुढच्या कुठल्यातरी दिवशी विकायचं, जास्तीत जास्त नफा किती? दीपानं वाचलं आणि आधी सॉर्ट मारलं. आता ती शहाणी झाली होती ना! आकडे दिसले की लावले रांगेला. सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा केला. नमुनाही जुळेना. तिनं परत वाचलं, परत लिहिलं, परत तेच. ज्या चुकीनं दुसरी संधी गेली ती टाळायच्या नादात ती बरोबर उलट्या खड्ड्यात पडली होती, आणि परीक्षेतला बराच वेळ तिनं तिथेच पडून काढला. मग एकदम लक्षात आलं: दिवस कसे हलवणार? बुधवार उचलून सोमवारच्या आधी कसा ठेवणार? ही रांग मोडायची नव्हतीच!

तिनं सॉर्टची ओळ पुसली. आजवरचा सगळ्यात कमी भाव लक्षात ठेवत एकेक दिवस पुढे जात गेली आणि घाईघाईनं पाठवलं. या खेपेला गुप्त तपासण्यांचा निकालही लगेच दिसत होता; एकामागून एक हिरव्या खुणा आल्या. अगदी शेवटची तेवढी लाल. तिनं कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला, काही दिसेना. वेळ संपला आणि पडदा पांढरा झाला.

परतीच्या ऑटोत, कुणाच्या तरी भाजीच्या थैल्या मांडीवर घेऊन बसलेली असताना तिला उत्तर कळलं. भाव रोज पडतच गेला असेल तर? तर घ्यायचंच नाही. नफा शून्य. तिचा प्रोग्राम काही झालं तरी घेत होता, तोट्यातही घेत होता. न घेणं हाही मार्ग आहे, हे तिला सुचलं नव्हतं. एका ओळीचं काम होतं. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि रडली, आणि थैल्यांची मालकीण बिचारी, "लागलं का बाई?" विचारत राहिली.

घरी माय तांदूळ निवडत होती. दीपा चप्पल न काढताच बोलली. सगळं बोलली, पेढ्यांच्या संध्याकाळपासून. तुळसाबाई ऐकत राहिली, हात मात्र थांबले.

"त्याच दिवशी समजलं होतं तुले?"

"हो."

"मंग मी इतके दिवस काय सांगत फिरून राह्यली लोकायले?"

तुळसाबाईनं तांदळाचं ताट उचलून आत ठेवलं. त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मायनं पांढरं लुगडं नेसलं आणि दीपाला हाक न मारता एकटीच विहाराकडे निघाली. दीपा मागोमाग गेली आणि दाराजवळ बसली. वंदना झाली. भगवानराव सूचना द्यायला उठणार, तेवढ्यात तुळसाबाई उभी राहिली. ही बाई विहारात कधी बोलली नव्हती. सभा असली की ती मागं बसायची, चहाचे कप विसळायची.

"माह्या पोरीले नोकरी नाही लागली," ती म्हणाली. "निकाल याच्या आधी मीनंच पेढे वाटले. मीच घाई केली. पोरीची काही चुकी नाही. तिले कोणी काही म्हणू नका."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दीपाला वाटलं, जमीन दुभंगावी. माय सगळं स्वतःवर घेत होती आणि आताही नुसतं गप्प राहिलं की झालं. सोपं होतं. या घडीला त्याहून सोपं काहीच नव्हतं.

ती उठली.

"माय खोटं बोलून राह्यली. निकाल त्याच दिवशी सांजेले आला होता. मी नापास झाली होती. मी सांगतलं नाही. आतापर्यंत कोणालेच सांगतलं नाही."

भगवानरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस वाईट नाही, काहीतरी बरं बोलावं म्हणून त्यांनी विचारलं, "मंग आता परत परीक्षा कधी हाय बाई?"

"नाही काका. तीनच खेपा होत्या. कालची शेवटची होती. त्यातही नाही झालं."

ती तशीच उभी राहिली, कारण बसावं कुठे ते तिला सुचेना. तुळसाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण सतरंजीवर थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.