बाजाराच्या दिवशी उघडणारे दार

विमलअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला कार्यालयात जिल्हा पुरवणीचे पान वाचत होतो. फोनवर भाची होती. "मामा, आई गेली. जेवून आडवी झाली होती…" मग स्वतःला सावरत म्हणाली, "उद्या पारोळ्याकडचा बाजार आहे. केंद्रातल्या शीतलताईंना कोण सांगेल?" थोरली बहीण गेल्याच्या बातमीसोबतच हा प्रश्न आला, याचे तेव्हा नवल वाटले नाही. अक्काच्या घरात आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत मोजला जायचा.

धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात अक्काने परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर शेतमजूर कुटुंबांसाठी गावोगाव मनोविकार उपचार केंद्रे काढायचे ठरले, तेव्हा तिला बोलावणे आले. पहिले केंद्र पारोळा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, उपकेंद्राच्या इमारतीत सुरू झाले. वार गुरुवार. बाहेर ठळक फलक. कापूस वेचणीचे दिवस होते. मजुरांच्या टोळ्या सकाळीच शेतात जात आणि दिवेलागणीला परतत. डॉक्टर येत, खुर्चीवर बसून राहत आणि परत जात. महिनाभरातच वरून विचारणा झाली, की गरज नसेल तर केंद्र बंद का करू नये?

अक्का आरोग्य खात्याच्या साहेबांना भेटायला गेली, तेव्हा मी तिच्यासोबत होतो. तिने एकच मागणी केली, बाजाराच्या दिवशी बसू द्या. साहेब हसले. "ताई, बाजाराच्या दिवशी लोक भाजी घेतील की दवाखान्यात येतील?"

"बाजाराच्याच दिवशी येतील," अक्का म्हणाली. "त्या दिवशी शेतात काम नसते. आणि बाईला घरातून निघताना कारण सांगावे लागत नाही."

दिवस बदलला. जागाही बदलली. बाजारपटांगणाच्या मागे ग्रामपंचायतीची एक खोली रिकामी होती. तिचे एक दार बोळात उघडत होते आणि बोळाच्या तोंडाशी बांगड्यांची दुकाने लागत. कोणती बाई बांगड्या भरायला चालली आहे आणि कोणती पुढे जाणार आहे, हे पाहणाऱ्याला कळत नसे. फलक अक्काने लावूच दिला नाही. पुढे जामनेर आणि मुक्ताईनगरकडची केंद्रेही त्या त्या गावच्या बाजाराच्या दिवशी भरू लागली.

मंगला याच खोलीत आली. कापूस वेचणारी, हाताने चपळ. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे मन कशातच राहिले नव्हते. तान्ही मुलगी रडत असली तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिची सासू दगूबाई तिला भगताकडे नेऊन आली होती. आता हा एक उपाय म्हणून इथे घेऊन आली, पण आल्याआल्याच तिने अक्काला सुनावले, "सून पोरले घेस नही, अन् तुम्ही म्हणतस बोला. बोलीसन का दूध येस?"

"तू ते दिनभर बोलस, आजी," अक्का म्हणाली. "थोडं तिले बी बोलू दे."

दगूबाई हसली नाही, पण उठूनही गेली नाही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दर बाजारी अक्काशी बोलणे. मंगला हळूहळू मुलीला जवळ घेऊ लागली, वेचणीला जाऊ लागली. मधे एकदा बरे वाटते म्हणून तिने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा अंथरूण धरले. त्यानंतर ती अक्काला म्हणाली होती, "तू शे म्हणून मी येस. तू नही ऱ्हायनी तर मी येवाव नही."

हे वाक्य अक्काने मला सांगितले ते कौतुक म्हणून नव्हे, काळजी म्हणून. त्यानंतरच तिने शीतल नावाच्या तरुण समुपदेशक मुलीला सोबत आणायला सुरुवात केली. आणि एका बाजारी मी गेलो तर खोलीत शीतल एकटी बायांशी बोलत होती. अक्का बसस्थानकासमोर चहा घेत बसली होती. बस तर केव्हाच येऊन गेलेली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "उशीर करणे हे आता माझे काम आहे. मी वेळेवर गेले तर त्या पोरीशी कोणी बोलणार नाही." खोलीत शिरताना मात्र ती बसच्या नावाने बोटे मोडत शिरली. बायांनी तिला भरपूर ऐकवले. तिनेही ते मुकाट्याने ऐकून घेतले.

एवढी तयारी पुरेल की नाही, हे तिच्या हयातीत कळले नाही. ती गेल्यानंतरच्या पहिल्या बाजारी बाया बोळात आल्या, दाराशी रडल्या आणि परत गेल्या. मंगला आलीच नाही. शीतलने मला फोनवर सांगितले, की तिच्या गोळ्या पुढच्या बाजारापर्यंतच पुरतील. "दादा, घरी जाऊ का तिच्या? पण मी गेले तर गल्लीत सगळ्यांना कळेल…" अक्काने जे इतकी वर्षे झाकून ठेवले, ते उघडे करायचे की वाट पाहायची? शीतलने वाट पाहायचे ठरवले.

अक्काचे दिवस पार पडायचे होते, तरी पुढच्या बाजारी मी तिथे गेलो. मेथीच्या जुड्या, लसणाचे ढीग, वांगी घेताना चाललेली घासाघीस. बोळात शिरलो तर खोलीच्या पायरीवर दगूबाई बसलेली. मांडीवर नात, हातात शेवेचा पुडा. नात एकेक शेव उचलून आधी आजीच्या तोंडात घालत होती. दार लोटलेले होते. मी अक्काचा भाऊ, हे तिला माहीत होते. मग मी दाराकडे पाऊल टाकले, तशी तिने हात आडवा केला.

"बाहेर बसा भाऊ," ती म्हणाली. "मझार मनी सून बोली ऱ्हायनी."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. आतून शीतलचा आवाज फारसा येत नव्हता. मंगलाचा येत होता, बारीक, पण न थांबता.