ब्लाऊज, पिको-फॉल आणि यंदाची कोरियन गाणी

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी रोज साठतात, कातरण आणि किस्से. कातरण संध्याकाळी झाडून पोत्यात भरता येतं. किश्श्यांचं तसं नाही. ते कुणाला तरी सांगावेच लागतात.

दुकान गेवराईत, शोभाताईंचं. कापायला त्या स्वतः, मशीनवर आम्ही दोघी. मी प्रज्ञा आणि दुसरी शबाना. स्पीकरवर दिवसभर कोरियन गाणी. हे खूळ शबानानं आणलं, मला लागलं, आणि शोभाताईंनी "कामं होतेत ना? मग वाजू द्या," म्हणून चालवून घेतलं. गाण्यांची खरी नावं आम्हाला म्हणता येत नाहीत, म्हणून दुकानातली नावं ठेवलीत. वर्ष संपलं की मी माझी टॉप टेन काढते, शबाना तिची काढते. मग दुपारपर्यंत आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

यंदाची माझी टॉप टेन सांगते. सगळी दहा नाही सांगत. काही गाणी नुसतीच चांगली होती, त्यांच्यामुळं काही घडलं नाही.

*

दहावा नंबर, कुकरचं गाणं. ह्याच्या सुरुवातीला एक आवाज आहे, अगदी कुकरच्या शिट्टीसारखा. शोभाताईंचं घर दुकानाच्या मागंच. गाणं लागलं की त्या कात्री ठेवून आत जायच्या, गॅस बंद करून यायच्या.

आठवडाभर त्यांच्या घरच्यांनी कच्ची डाळ खाल्ली. एके दिवशी त्या स्पीकरसमोर उभ्या राहिल्या, गाणं सुरू होताना नीट ऐकलं आणि शबानाला म्हणाल्या,

"गाणं चांगलं हाय गं. पण त्याच्यावर डाळ शिजत न्हाई!"

*

आठवा नंबर, गुलाबी केसांचं. लिंबागणेशची एक आजी नातसुनेचा ब्लाऊज न्यायला आलती. हुक लावायचे राहिले होते, म्हणून तिला स्टुलावर बसवलं. समोर शबानाचा मोबाईल उभा करून ठेवलेला, त्यात व्हिडिओ चालू.

"ह्या पोरी कुणाच्या गं?"

"आजी, पोरं हायत ती."

आजीनं मोबाईल जवळ घेतला. बराच वेळ बघितलं.

"लग्नं झाली का ह्यांची?"

"न्हाई आजी. त्यांच्या कंपनीला चालत न्हाई म्हणं."

"मंग बरंय त्यांचं," आजी म्हणाली. "आमच्या धाकट्याला सगळ्यांची परवानगी हाय. पोरगी मिळंना!"

जाताना तिनं विचारलं, केसांचा तो रंग गेवराईत कुठं मिळतो.

*

सातवं गाणं नाचायचं आहे. त्यात मधे सगळं थांबतं आणि एकदम दणक्यात सुरू होतं. त्या दणक्यात शबानानं एका मॅडमच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या.

मॅडमनी तो दुकानातच घालून बघितला. डावा हात अर्ध्याच्या वर जाईना. आम्ही दोघी खाली माना घालून मशीन चालवत होतो. मशीनमध्ये कापड नव्हतं.

शोभाताईंनी मॅडमभोवती एक चक्कर मारली. चेहऱ्यावर काही नाही.

"कोरियन कट हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला नको असंल तर आपला नेहमीचा करून देते."

मॅडम नेहमीचा घेऊन गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांची मैत्रीण आली. तिला कोरियन कटच पाहिजे होता!

*

पाचवा नंबर, ढोलाचं गाणं. इथल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्यांचा कार्यकर्ता झेंडे शिवायला घेऊन आला. गाणं ऐकलं आणि जागेवरच थांबला.

"हे काय हाय? भाऊंच्या रॅलीला लई जमंल! अर्थ काय ह्याचा?"

शबाना अर्थ शोधून ठेवते. म्हणाली, "मी तुला सोडून चाललो, आता माझ्या नावानं रडू नको."

कार्यकर्ता विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला.

"भाऊंनी आत्ताच पक्ष सोडलाय. फिट्ट बसतंय!"

रॅलीत गाणं दणकून वाजलं. भाऊ उघड्या जीपमध्ये हात जोडून उभे, आणि सोबत कोरियन. पोरं नाचून नाचून दमली. आम्ही दुकानाच्या पायरीवरून बघितलं. अभिमान वाटला.

दिवाळीच्या आधी तोच कार्यकर्ता परत आला. ह्या वेळी झेंड्यांचं कापड जुन्या पक्षाच्या रंगाचं होतं. गठ्ठा टेबलावर ठेवून त्यानं शबानाला हळूच विचारलं,

"ताई, त्यांच्यात परत आल्याचं एखादं हाय का?"

*

तिसऱ्या नंबरला छत्रीचं गाणं, व्हिडिओभर छत्र्याच छत्र्या. हे माझं घरचं प्रकरण आहे.

सिरसाळ्याचं स्थळ आलतं. पोरगा शिक्षक, माणसं चांगली. आईनं मला पढवलं होतं, छंद विचारले तर वाचन आणि स्वयंपाक सांगायचं. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोरियन गाणी."

 माझे वडील पंख्याकडं बघायला लागले.

मग आम्हा दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. पोरगा कठड्याला टेकून उभा राहिला आणि पहिलंच वाक्य बोलला, "छत्रीवालं ऐकलंय का? यंदाचं?"

मला जग जिंकल्यासारखं झालं! म्हणलं, "माझ्या टॉप थ्रीमध्ये हाय ते."

"टॉप थ्री?" तो म्हणाला. "माझ्या पहिल्या दहातपण न्हाई."

मी खाली आले आणि नाही म्हणून सांगितलं. आई स्वयंपाकघरात मागं लागली. "नोकरी हाय, घर हाय, पोरगं निर्व्यसनी हाय. नगं कावून?"

गाण्यावरून नाही म्हणाले असं कसं सांगणार? म्हणलं, "आई, त्याला ऐकायला कमी येतं."

आईनं ते मध्यस्थ काकांना सांगितलं, काकांनी सिरसाळ्यात सांगितलं. पुढच्याच रविवारी काका आमच्या दारात हजर, हातात कानाच्या डॉक्टरचा रिपोर्ट.

"कान एकदम क्लिअर हायत! आता बोला!"

आता आमचं फोनवर बोलणं चालू आहे. तो छत्रीच्या गाण्याला सातव्या नंबरवर घ्यायला तयार झालाय. घाई कसलीच नाही.

*

एक नंबरचं गाणं संथ आहे. शबाना ते दुकान बंद करताना लावायची. मी झाडू मारायची, शोभाताई सुया-कात्र्या डब्यात ठेवायच्या. त्या गाण्याबद्दल त्या कधी चांगलं बोलल्या नाहीत, वाईट बोलल्या नाहीत.

पावसाळा संपता संपता शोभाताईंच्या गळ्यात गाठ निघाली. बीडला डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा आवाजाची खात्री नाही.

"म्हंजे मुकी व्हईन?" शोभाताई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला काय इशाऱ्यानं हाकलू का?"

आम्ही हसलो. बाहेर आल्यावर शबाना जिन्यात बसून रडली.

ऑपरेशन झालं. तोवर दुकानात आम्ही स्पीकर लावला नव्हता. मशीनचा तेवढा आवाज, आणि तोही नको वाटायचा. शबाना दुआ मागायची, माझी आई विहारात जाऊन बसायची.

डॉक्टरांनी थोडे दिवस बोलू नका म्हणलं होतं. ते दिवस संपले तरी शोभाताई बोलेनात. घाबरल्या होत्या. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही तर? त्यांचे सख्खे भाऊ उमापूरहून येऊन बसलेले, माजी सरपंच. ते विनवण्या करायचे, चिडायचे, परत विनवण्या करायचे. शोभाताई नुसती मान हलवायच्या.

शेवटी डॉक्टर सकाळी राऊंडला आले. भाऊ खाटेच्या पायाशी, आम्ही दोघी खिडकीजवळ.

"मावशी, आज बोलायचं. नुसतं आ म्हणा."

मान हलली, नाही.

"बरं, नाव सांगा तुमचं."

शोभाताईंनी आमच्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते. मग त्यांनी डोळे मिटले, गळ्यावरच्या पट्टीला बोटं लावली आणि तोंड उघडलं.

आधी नुसती हवा आली. मग घोगरा, फाटका, पण आवाज आला. आणि त्या आवाजात, चढउतारासकट, एक अक्षर न चुकता, एक नंबरच्या गाण्याचं अख्खं धृपद आलं. कोरियनमध्ये.

शबाना मला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली.

भाऊ उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"साहेब," ते म्हणाले, "ऑपरेशन गळ्याचं सांगितलं होतं. डोक्याला हात कावून लावला?"